१-६ स्कोपला एक तारा देणाऱ्या ग्राहकास उत्तर

नमस्कार. तुमचा अभिप्राय नीट वाचला, सोबतचा फोटोही मोठा करून पाहिला. इतर वाचणाऱ्यांसाठी तक्रार थोडक्यात सांगतो. कार्बाइनसाठी (आखूड रायफलसाठी) १-१० स्कोप, म्हणजे चित्र १ ते १० पट मोठं करणारा, हवा होता; दुकानदाराने, म्हणजे मी, १-६×२४ (६ पटीपर्यंतचा, पुढची काच २४ मिलिमीटरची) गळ्यात मारला. भर उन्हात लाल ठिपका दिसत नाही. १ वर चित्र फुगलेलं वाटतं, ६ वर मान जरा हलली की सगळं काळं होतं. मधल्या फुलीखालच्या खुणा धरून मारलं तर गोळी वरून जाते, अगदी जवळ मारलं तर खाली लागते. यापेक्षा साधा रेड डॉट (चित्र मोठं न करता काचेवर नुसता लाल ठिपका दाखवणारा) बरा होता.

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण खरेदीच्या दिवशी आपलं बोलणं तिथूनच सुरू झालं होतं. रेड डॉट मी तुमच्या हातात दिला होता. ठिपका गोल दिसत नाही, शेपूट असलेल्या स्वल्पविरामासारखा दिसतो, असं तुम्हीच म्हणालात. दुसरा दिला, त्यातही तेच. दोन्ही रेड डॉटमध्ये तसंच दिसत असेल तर दोष बहुधा काचेचा नसतो, डोळ्यातल्या अस्टिग्मॅटिझमचा (असमान वक्रतेचा) असतो. स्कोपमध्ये रेटिकल (नेम धरायची फुली आणि खुणा) काचेवर कोरलेलं असतं आणि आयपीस (डोळ्याकडचा भाग) फिरवून ते स्वतःच्या डोळ्याला स्पष्ट करून घेता येतं. तुम्हाला स्कोपकडे वळवण्याचं पहिलं कारण हे होतं. दुसरं कारण तुमच्या स्पर्धेचं. बहुतेक प्लेट (नेमाच्या पाट्या) ५० मीटरच्या आत आणि मोजक्या ३०० मीटरपर्यंत, असं तुम्ही सांगितलं होतं.

आता १-१० बद्दल. पुढच्या काचेचा व्यास भागिले मॅग्निफिकेशन (चित्र किती पट मोठं), म्हणजे डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी. २४ भागिले ६, म्हणजे ४ मिलिमीटर. त्याच काचेवर १० लावलं तर २.४. कडक उन्हात आपली बाहुली २ ते ३ मिलिमीटरची होते. झोत ४ चा असेल तर मान थोडी इकडेतिकडे झाली तरी चालतं, २.४ चा असेल तर जवळजवळ चालतच नाही. ६ वर काळं होतं ही तुमची तक्रार आहे, आणि तरीही मागणी १० ची आहे. १० वर हाच त्रास वाढला असता, गुडघ्यावर बसून किंवा आडोशाच्या कडेने वाकून मारताना तर फारच. आणि ३०० मीटरवरची प्लेट ६ वर ५० मीटरवर ठेवल्यासारखी दिसते. ३० सेंटिमीटरच्या प्लेटला तेवढं भरपूर आहे.

अमेरिकी मरीन ८ वापरतात, असंही तुम्ही लिहिलंय. खरं आहे. त्यांनी २०२० मध्ये ट्रायजिकॉन कंपनीचा १-८×२८ व्हीकॉग हा स्कोप निवडला. त्यात पुढची काच २८ ची आहे, म्हणून ८ वरही झोत ३.५ मिलिमीटरचा राहतो, आणि माउंटसकट (बंदुकीवर बसवायच्या पायासकट) त्याचं वजन पाऊण किलोच्या वर जातं. सैनिकाला त्यातून दूरवर माणूस कोण आहे, हातात काय आहे हे ओळखायचं असतं. तुम्हाला रंगवलेली प्लेट शोधायची आहे आणि पळत पुढच्या जागी जायचं आहे. कार्बाइनवर वाढलेला प्रत्येक ग्रॅम दिवसाच्या शेवटी खांद्याला कळतो. डब्यावरचा मोठा आकडा पाहून स्कोप घेणारे बरेच येतात आणि मी प्रत्येकाला आधी हेच विचारतो, की १ वर किती वेळ राहणार आहात?

आता तुमच्या फोटोकडे येतो. त्यात तीन गोष्टी स्पष्ट दिसतात.

पहिली, प्रकाशाचा डायल ४ वर आहे. या मॉडेलला ११ टप्पे आहेत. त्यातले पहिले २ नाईट व्हिजन उपकरणासाठी असतात, नुसत्या डोळ्याला ते दिसतच नाहीत. ४ हा तिन्हीसांजेचा टप्पा आहे. दुपारी १० किंवा ११ लावा. मातीच्या बांधावर, झाडीवर, सावलीतल्या प्लेटवर ठिपका ठळक दिसेल. सगळ्यात कठीण वेळ असते ती आपण उन्हात आणि लक्ष्य सावलीत असतं तेव्हाची. बाहुली आकसलेली, समोर अंधार, त्यावर काळं रेटिकल. प्रकाशित रेटिकलचा खरा उपयोग तिथे होतो. उन्हात तळपणाऱ्या पांढऱ्या प्लेटवर मात्र ११ वरही ठिपका फिका पडतो, रेड डॉटसारखा उठून दिसत नाही. हे दुकानाबाहेर उन्हात धरून दाखवलं होतं आणि आजही तेच सांगतो. पांढऱ्या प्लेटवर काळी फुलीच वापरा, ती तिथे लालपेक्षा स्वच्छ दिसते आणि सेल संपला तरी जागेवर असते. प्रत्येक दोन टप्प्यांच्या मध्ये बंदची खूण आहे. डायल १० आणि ११ च्या मधल्या बंदवर ठेवलात तर एका टिचकीत चालू होतो आणि सीआर २०३२ सेलही टिकतो.

दुसरी, माउंटचा पुढचा भाग हँडगार्डवर (नळीभोवतीच्या पुढच्या आवरणावर) गेला आहे. असं कधीही करू नका. रिसीव्हर (बंदुकीचा मधला मुख्य भाग) आणि हँडगार्ड हे दोन वेगळे भाग आहेत. हँडगार्ड तापतो, स्लिंग (खांद्याचा पट्टा) ओढला की किंचित वाकतो, आणि झीरो (जुळवून ठेवलेला नेम) हलतो. माउंट पूर्ण रिसीव्हरच्या रेलवरच बसला पाहिजे. स्कोप पुढे गेल्यामुळे डोळ्याचं अंतर बिघडलंय. ६ वरच्या काळोखाचं मुख्य कारण मला हेच वाटतं. स्कोप पुन्हा बसवताना बंदूक रिकामी आहे याची खात्री करा, मॅग्निफिकेशन ६ वर न्या, डोळे मिटून नेहमीसारखा गाल टेकवा आणि मग उघडा. पूर्ण वर्तुळ दिसेपर्यंत स्कोप मागेपुढे सरकवा. अंतर साधारण ९-१० सेंटिमीटर भरेल. बरेच जण हे काम १ वर करतात, तिथे काहीही चालून जातं आणि ६ वर गेल्यावर पंचाईत होते. रिंगचे स्क्रू माउंटच्या पत्रकात दिलेल्या टॉर्कनेच (आवळण्याच्या जोरानेच) आवळा, अंदाजाने नाही.

तिसरी, आयपीसची रिंग कारखान्यातून आली तशीच, टोकाला आहे. १ वर चित्र फुगतं ते यामुळे. ही रिंग रेटिकल स्पष्ट करते, पण चित्राचा आकारही किंचित बदलते. मोकळ्या आकाशाकडे स्कोप धरा (सूर्यापासून लांब), एक-दोन सेकंदच पाहा आणि नजर काढा. जास्त वेळ पाहिलं तर डोळा स्वतःच जुळवून घेतो आणि फसवतो. रिंग थोडी फिरवा, पुन्हा पाहा. रेषा पहिल्याच नजरेला काळ्याभोर दिसल्या की १ वर या, दोन्ही डोळे उघडे ठेवा आणि दूरच्या एखाद्या खांबाची उभी कड पाहा. स्कोपच्या आतली कड आणि बाहेरची कड एका रेषेत जुळायला हवी. तुटलेली दिसली तर रिंग अगदी केसभर हलवा. हे अंगणात किंवा रेंजवर करा, खोलीत नको. दोन-तीन मीटरवरच्या वस्तू या जातीच्या कुठल्याही स्कोपमध्ये थोड्या मोठ्या दिसतातच.

गोळी वरून जाण्याचं कोडं सोपं आहे. तुमचं रेटिकल सेकंड फोकल प्लेनमध्ये आहे, म्हणजे मॅग्निफिकेशन बदललं तरी त्याचा आकार बदलत नाही. त्यामुळे खुणा फक्त ६ वर खऱ्या. ३ वर आलात की २ मिलची (मिल हे कोनाचं माप) खूण ४ मिलची होते, म्हणजे २ मिल जास्त. ३०० मीटरवर १ मिल म्हणजे ३० सेंटिमीटर, म्हणजे गोळी ६० सेंटिमीटर वर. प्लेट चुकणारच. फर्स्ट फोकल प्लेनमध्ये रेटिकल चित्राबरोबर लहानमोठं होतं, म्हणून ही भानगड नसते, पण तिथे १ वर रेटिकल इतकं बारीक होतं की घाईत शोधावं लागतं. तुमचं बहुतेक काम १ वरचं, म्हणून ही निवड. खुणा वापरायच्या असतील तर ६ वर जा, नाहीतर मधली फुली धरा.

जवळची गोळी खाली लागते त्यात दोष कशाचाच नाही. काच नळीच्या साधारण साडेसहा सेंटिमीटर वर बसते. झीरो ५० मीटरवर केला असेल तर १० मीटरवर गोळी सुमारे ५ सेंटिमीटर खाली लागणार, रेड डॉट त्याच उंचीवर लावला तरी तेवढीच. तेवढं वर धरायचं.

एवढं करूनही ६ वर काळं होत असेल, किंवा झीरो हलत असेल, तर स्कोप माउंटसकट दुकानात आणा. कॉलिमेटरवर (नेम तपासायच्या उपकरणावर) लावून तुमच्यासमोर तपासतो. काचेत दोष निघाला तर वॉरंटीत कंपनीकडे पाठवणं माझं काम. आणि स्पर्धा बदलली असेल, आता सगळ्या प्लेट ५० मीटरच्या आतच असतील, तर तेही सांगा. मग एवढं वजन वाहण्यात अर्थ नाही. कोरलेल्या रेटिकलचा १× प्रिझम स्कोप (चित्र मोठं न करणारा, आत प्रिझम असलेला) दाखवतो. त्यात स्वल्पविराम दिसणार नाही आणि हा स्कोप मी परत घेईन. येताना रोजचा चष्मा आणि तुमचा स्लिंग घेऊन या, दोन्ही लावूनच बसवू.