दोन्ही पाय जमिनीवर

माझी उंची पाच फूट तीन इंच. आधार कार्डावर फोटोपासून पत्त्यापर्यंत सगळं छापतात, उंची तेवढी छापत नाहीत. त्या कार्डाबद्दल मला मनापासून आवडलेली ही एकच गोष्ट.

साताऱ्याच्या मामाकडे बुलेट होती. जुनी, उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक असलेली. मी कॉलेजात असताना त्यानं ती एकदा माझ्या हातात दिली. पोवई नाक्यापर्यंत मी सरदारासारखा गेलो. नाक्यावर थांबायची वेळ आली, पाय खाली सोडला, तर खाली जमीनच नाही. म्हणजे होती, पण आणखी चार बोटं खाली. मग चवड्यावर तोल धरून, समोरच्या दुकानाची पाटी वाचतोय असा चेहरा करून मी तो वेळ निभावला. घरी आल्यावर मामा एवढंच म्हणाला, "तुला लुनाच बरी रे." पुढची पंचवीस वर्षं मी मोठ्यांचं ऐकलं. लुनाची स्कूटी झाली, स्कूटीची ॲक्टिव्हा झाली.

सेहेचाळिसाव्या वर्षी मुलीनं मोबाइलवर दाखवलं की प्रत्येक गाडीच्या माहितीत सीटची उंची मिलिमीटरमध्ये दिलेली असते. म्हणजे प्रश्न मर्दानगीचा नव्हताच, टेपचा होता! मी तिच्या आईची शिवणाची टेप घेतली, भिंतीला पाठ लावली, मांड्यांमध्ये बारावीचं जाडजूड गाईड घट्ट धरलं (माप असंच घेतात, हा माझा शोध नाही) आणि गाईडच्या कडेपासून फरशीपर्यंत मोजायला वाकलो, तेवढ्यात बायको आत आली.

"काय चाललंय?"

"गाडी बघतोय."

ती काही न बोलता दार ओढून घेऊन गेली.

माप आलं बहात्तर सेंटिमीटर. मिलिमीटरमध्ये सातशे वीस, जरा भारदस्त वाटतं. रॉयल एनफील्डच्या क्लासिक ३५० ची सीट ८०५ वर, म्हणजे पुन्हा पोवई नाका. त्यांच्याच मीटिऑर ३५० ची ७६५. बजाजच्या ॲव्हेंजरची ७३७! वर आपण बसलो की शॉकॲब्सॉर्बर दबतात, आणि माझ्याखाली ते जरा मनापासून दबतात. तर ठरलं. आपली जात क्रूझरची. सीट खोलगट, पाय पुढे, हँडल आपल्याकडे ओढलेलं आणि पुढचं चाक रुसून निघालेल्या माणसासारखं चार पावलं लांबच.

हा प्रकार आपल्याकडे काही काल आलेला नाही. बजाजनं २००१ मध्ये कावासाकीची एलिमिनेटर आणली, १७५ सीसीची. तिच्यातूनच २००५ मध्ये ॲव्हेंजर निघाली. यामाहाची एन्टायसरही होती, अवघ्या १२५ सीसीची. क्रूझरमध्ये १२५ सीसी म्हणजे कुंडीतला वड, पण आमच्या गल्लीत एकाकडे होती आणि तो तिच्यावरून दळण आणायलासुद्धा मागे रेलून जायचा.

ऑफिसात मी विषय काढला आणि चूक केली. ज्याच्याकडे बुलेट होती तो म्हणाला, क्रूझर ही गाडी नव्हे, आरामखुर्ची आहे. ज्याच्याकडे स्प्लेंडर होती त्यानं फक्त "ॲव्हरेज किती?" विचारलं आणि उत्तर ऐकून माझ्या खांद्यावर हात ठेवला. कर सांभाळणाऱ्या आमच्या साहेबांनी मात्र कामाचं सांगितलं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला अठरा टक्के जीएसटी, त्याहून मोठ्या इंजिनाला चाळीस. कंपन्यांचं इंजिन ३४९ सीसीचं का असतं ते तेव्हा नीट कळलं. ३४९ आणि ३५१ मध्ये फरक दोन सीसीचा, म्हणजे खोकल्याच्या औषधाचा अर्धा चमचासुद्धा नाही, आणि करात बावीस टक्के! आमच्या घरी एवढ्या थोड्या फरकावर एवढा मोठा हिशेब फक्त आमटीतल्या मिठावरून होतो.

कोणी विचारलं तर माझं मत सांगतो. पहिलीच गिअरची गाडी असेल तर १६० ची ॲव्हेंजर घ्यावी. वजन दीडशेच्या थोडं वर, पडली तर उचलता येते, आणि ती पडतेच. मीटिऑर १९१ किलोची, पण इंजिन समजूतदार. क्लच जरा चुकला तरी अंगावर धावून येत नाही. मी भाळलो होतो सुपर मीटिऑर ६५० वर. सीट ७४० वरच, पाय छान टेकत होते. मग वजन वाचलं : २४१ किलो. अशा गाडीवर पाय टेकतात म्हणजे काय, तर आपण नक्की कुठे चिरडले जाणार ती जागा आधीच ठरते.

शेवटी कुठली घेतली ते सांगत नाही. पुढे जे झालं त्यात गाडीचा काडीचा दोष नाही, उगाच कंपनीचं नाव नको. वजन दोनशेच्या आत, एवढं पुरे. शोरूममध्ये हार घातला, नारळ फोडला, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. साडीगार्ड काढून टाकला तर गाडी जास्त भारी दिसेल, असं तिथला पोरगा म्हणाला. बायको म्हणाली, "मग मी याच्याबरोबर घरी जाऊ का?" साडीगार्ड राहिला.

पहिला किलोमीटरभर मी फूटरेस्ट शोधत होतो. नेहमीच्या जागी पाय ठेवायला जावं तर तिथे हवा. पाय पुढे टाकायचे हे डोक्याला कळलं होतं, पायांना नव्हतं. आणि वळणं! चाकं एकमेकांपासून लांब असल्यामुळे सरळ रस्त्यावर ही गाडी रेल्वेसारखी जाते, पण गल्लीत यू टर्न म्हणजे बैलगाडी वळवणं. हाफ क्लच, मागचा ब्रेक हलका दाबलेला, आणि नजर पुढच्या चाकावर नाही तर जिकडे जायचंय तिकडे, हे मुलीनं शिकवलं. बघाल तिकडे गाडी जाते हे शंभर टक्के खरं आहे. मी महापालिकेच्या खड्ड्याकडे बघितलं.

खड्ड्याचंही या गाडीवर वेगळं गणित आहे. साध्या मोटरसायकलवर खड्डा दिसला की माणूस फूटरेस्टवर जरा उठतो. इथे पाय पुढे असल्यामुळे उठायची सोयच नाही. खड्ड्याचा निरोप थेट माकडहाडाला मिळतो आणि तिथून मानेपर्यंत जातो, मधे कुठेही न थांबता.

पण खरी इज्जत गेली ती गाडी बंद असताना. आमच्या सोसायटीचं पार्किंग भिंतीकडे उतरतं. मी संध्याकाळी ऐटीत आत आलो आणि तोंड भिंतीकडे करून लावली. सकाळी पावणेआठला ती मागे ओढायला गेलो. मी चौसष्ट किलो, ती जवळपास तिप्पट, मागे चढ. रिक्षाला रिव्हर्स गिअर असतो, हिला नाही. वॉचमन म्हणाला, "साहेब, जोर लावा." लावला. गाडी एक वीत मागे आली, दीड वीत पुढे गेली, हँडल वळलं आणि ती माझ्याकडे कलली. लोक म्हणतात गाडी पडली. अशी गाडी पडत नाही, बसते. उन्हातून आलेली म्हैस बसते तशी, सावकाश, आपल्याला पूर्ण विचार करायला वेळ देऊन. मी विचार केला आणि बाजूला झालो.

"पुढून ओढू नका, पाठ करा तिच्याकडे!" पहिल्या मजल्याच्या गॅलरीतून आवाज आला. तिथे राहणाऱ्या काकू, वय सत्तरीच्या पुढे, हातात पालकाची जुडी. "गिअरमध्ये टाका. आता तिच्याकडे पाठ करून उकिडवे बसा. एक हात हँडलला, एक मागच्या दांड्याला. कंबर ताठ, पायांनी रेटा. अहो, पायांनी!"

गाडी उभी राहिली. मी गॅलरीकडे बघितलं.

"आमच्या ह्यांची येझदी होती," काकू पालक निवडत म्हणाल्या. "तीनदा उचललीय मी. ते नुसते बाजूला उभे राहून स्क्रॅच बघायचे." मग त्यांनी विचारलं, "लिंबू आहे का?"

नजर लागू नये म्हणून बायकोनं लेगगार्डला लिंबू-मिरची बांधली होती. सोडलं.

"खाली ठेवा. घरंगळेल तिकडे गाडीची शेपटी करायची, चढाकडे तोंड. मग निघताना इंजिन ओढतं, माणसाला ओढावं लागत नाही. उतार डोळ्यांना दिसत नाही हो, लिंबाला दिसतो."

तेव्हापासून माझ्या खिशात लिंबू असतं.

गेल्या महिन्यात दोघं वाईला गेलो. या गाडीचा जन्म खरं तर एक्स्प्रेसवेसाठी, पण तिथे दुचाकीला मनाई, म्हणून सातारा रस्ता. खेड शिवापूरच्या टोलला दुचाकीला पैसे नाहीत, हा आनंद मी मोठ्यानं व्यक्त केला. पुढे रस्ता मोकळा होता, काटा पंचाहत्तरवर, आवाज भजनातल्या मृदंगासारखा एका लयीत, आणि बायकोनं मागून खांद्यावर हात ठेवला. दहा मिनिटं मी मामासकट सगळ्यांना माफ केलं. मग हात घट्ट झाला. "अहो, खंबाटकी आली. मी मागे सरकतेय." सीटचा मागचा तुकडा पाटाएवढा, चढावर तो पाटही कलतो.

ढोल्या गणपतीजवळ उतरलो तेव्हा मी गाडीवरून उतरलो होतो, पण बसण्याचा आकार तसाच राहिला होता. नदीच्या घाटाकडेला दोन गाड्यांच्या मधे एक जागा रिकामी दिसली. मागून एक स्कूटरवालाही तीच हेरून आला होता. मी तशाच खुर्चीच्या आकारात खाली वाकलो, लिंबू काढलं आणि रस्त्याच्या मधोमध ठेवून त्याच्याकडे टक लावून बघत राहिलो.

"अहो, गाडी लावताय की प्लॉट घेताय?" बायको म्हणाली.

स्कूटरवाल्यानं लिंबाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला आणि स्कूटर वळवली. जागच्या जागी वळली त्याची, एका पायावर.