जिथे चमकेल तिथे खत बंद? अजिबात नाही

तो चमकणाऱ्या जीवाणूंचा मेसेज आता आमच्या काकांपर्यंत पोचला आणि त्यांनी माती परीक्षणाला नमुना पाठवायचंच रद्द केलं, म्हणून लिहितोय. दावा असा की जीवाणूंचं द्रावण शेतात ओता, रात्री जिथे चमकेल तिथे अन्नद्रव्यं भरपूर, तिथे खत बंद, लॅब विसरा, मोजायला मोबाइलचा कॅमेरा पुरे.

सगळ्यात घातक आहे ते 'चमक म्हणजे भरपूर'. अहो, फॉस्फेटच्या, म्हणजे स्फुरदाच्या बाबतीत तर बरोबर उलटं असतं! असा बायोसेन्सर, म्हणजे मोजमाप सांगणारा जिवंत जीवाणू, करताना जीवाणूच्या एखाद्या जनुकाच्या स्विचला लक्स ही प्रकाश पाडणारी जनुकं जोडतात, आणि फॉस्फेटसाठी सहसा उपासमारीत चालू होणारा स्विच घेतात, म्हणजे स्फुरद कमी पडलं की जीवाणू चमकतो. 1997 साली 'अप्लाइड अँड एन्व्हायर्नमेंटल मायक्रोबायॉलॉजी'त बार्लीच्या मुळांजवळ लक्सवाले स्युडोमोनास फ्लुरोसन्स जीवाणू वापरून केलेलं काम छापून आलंय, त्यातही फॉस्फेटची उपासमारच शोधत होते. मेसेजचं ऐकलंत तर नेमकं उपाशी जागेवरचंच खत बंद होणार.

बरं, अंधार दिसला तरी भरवसा नाही. हा प्रकाश पाडायला ऑक्सिजन लागतो, ऊर्जा लागते. जमीन चिबड असली, विषारी धातू असले किंवा जीवाणूला खायला कार्बनच उरला नाही, तरी तो विझतो. म्हणून तर त्याच कामात जीवाणू मुळात किती सक्रिय आहेत हेही बघितलं होतं.

शेतात ओतायचं तर नावच काढू नका, जनुकबदल केलेले जीव आहेत ते.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते, नाइलाजाने का होईना. लॅबमध्ये मातीतलं उपलब्ध स्फुरद काढायला वापरतात ते ओल्सेन पद्धतीचं सोडियम बायकार्बोनेट म्हणजे काही पिकाचं मूळ नाही, त्याने निघालेला आकडा पिकांवरच्या प्रयोगांशी जुळवूनच वाचायचा असतो. जिवंत पेशीला मुळाशेजारी प्रत्यक्ष काय मिळतंय हे जीवाणू सांगू शकतो, आणि ते खरंच भारी आहे. पण जीवाणूला मिळालं म्हणजे पिकाला मिळालं असं थोडंच असतं? पिकाकडे मूळरोम आहेत, मायकोरायझा बुरशीची साथ आहे. शिवाय हेक्टरी किती किलो खत टाकायचं हे नुसत्या चमकेवरून कळत नाही, तीसुद्धा पिकाच्या प्रयोगांशी जुळवावीच लागते.

'क्रांतिकारी नवा शोध' म्हणे! जनुकं जोडणं नवं असेल, पण जिवंत जीवाकडून माती जोखणं जुनंच, ॲस्परजिलस नायजर बुरशी मातीवर वाढवून उपलब्ध पोटॅश जोखायची पद्धत 1930 च्या दशकातली आहे.

आणि तो मोबाइल कॅमेरा. ही चमक साधारण 490 नॅनोमीटरची, निळसर-हिरवी आणि फार मंद, त्यात मातीचे कण बराचसा प्रकाश गिळतात, म्हणून ल्युमिनोमीटर (मंद प्रकाश मोजणारं यंत्र) किंवा खास संवेदनशील कॅमेरा लागतो. तुमच्या मोबाइलवर काळा फोटो येईल, आणि मेसेजच्या हिशोबाने काळं म्हणजे अजून खत टाका.