शंभरला काय आवाज येणार!

परभणीच्या बाजारात मी एवढंच म्हणालो होतो, "स्टिरिओचं व्हॉल्यूम कंट्रोल द्या, शंभर के, लॉग." (के म्हणजे हजार ओहम. लॉग म्हणजे कानाला आवाज एकसारखा वाढत जाईल असं, लिनिअर म्हणजे रेझिस्टन्स सरळ प्रमाणात वाढेल असं.) दुकानदाराने समोर बी ५०० के ठेवलं. "हेच चालतंय सगळ्याला."

"बी म्हणजे लिनिअर. मला ए पाहिजे."

"ए-बी काही नसतंय साहेब. ते कंपनी छापती."

इथवर राग नव्हता, बाजाराची रीतच ती. पण शेजारी एक काका उभे होते, काखेत कूलरचा पंप.

"कशाला लावायलाव?"

"व्हॉल्व्हच्या अ‍ॅम्प्लिफायरला."

"व्हॉल्व्ह? बोअरचा?"

"नाही काका, काचेचे. जुन्या रेडिओत असायचे."

"मिळतेत अजून?" असं म्हणून त्यांनी पंप काउंटरवर ठेवला. म्हणजे माणूस आता जात नव्हता. "अन शंभर-पाचशेत फरक काय?" मी तोंड उघडेपर्यंत उत्तरही त्यांनीच दिलं. "गाडीचं कसं असतंय? शंभर सीसी अन पाचशे सीसी. शंभरला काय आवाज येणार!" दुकानदाराने मान डोलावली. काकांनी लगेच सेलूच्या भाच्याला फोन लावला, त्याचा डीजे आहे म्हणून. स्पीकरवर. भाचा म्हणाला, "मामा, त्यांना म्हणावं मिक्सर घ्या." मग काकांनी ते पॉट, म्हणजे व्हॉल्यूम कंट्रोलच, हातात घेऊन गरागरा फिरवलं, कानाशी धरलं आणि निकाल दिला, "मस्त फिरायलंय की. घ्या. नाहीतर पंख्याचं रेग्युलेटर लावा, त्याला नंबर तरी असतेत."

दुकान हसलं. दुकानातली सगळी माणसं हसली.

तिथं बोलू दिलं नाही, म्हणून इथं सांगतो. पॉट आवाज वाढवत नाही. आलेल्या सिग्नलचा किती हिस्सा पुढं सोडायचा, एवढंच त्याचं काम. शंभर के घ्यायचं की पाचशे, हा आकडा ठरतो दोन गोष्टींवर: मागून कोण ढकलतंय आणि पुढं कोण ओढतंय.

पुढं माझ्याकडे ईसीसी८३ ही व्हॉल्व्ह आहे. ग्रिड म्हणजे तिचा सिग्नल घेणारा भाग, अ‍ॅनोड म्हणजे वाढवलेला सिग्नल देणारा. तिच्या ग्रिड आणि अ‍ॅनोडमध्ये जेमतेम १.६ पिकोफॅरड कपॅसिटन्स. पण स्टेजचा गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढतो ते, ६० धरला, तर ग्रिडला तेच ६१ पट दिसतात, म्हणजे ९८. वायरिंग धरून १२० म्हणा. पॉटचा मधला पाय विजेच्या हिशोबाने बरोबर मध्ये असला, की पॉटच्या एक चतुर्थांश रेझिस्टन्स सिग्नलच्या वाटेत येतो. एक मेगच्या (दहा लाख ओहम) पॉटला २५० के. गणित केलं तर साधारण ५३०० हर्ट्झपासून ट्रेबल उतरायला लागतो. ४७० केला ११ हजारांच्या आसपास, १०० केला ५३ हजार. वर मोठ्या पॉटला नॉब फिरेल तसा आवाजाचा पोतही बदलतो, आणि आपण स्पीकरला दोष देत बसतो.

मग सरसकट लहानच का नको? मागून मोबाइल किंवा सीडी प्लेअर असेल, तर ४७ केही खुशाल लावा. पण मागं व्हॉल्व्हचीच स्टेज असेल, १०० केच्या अ‍ॅनोड रेझिस्टरची, तर तिच्या बाहेरच ३८ केच्या आसपास रेझिस्टन्स आहे. त्यावर १०० के टांगलं, की चौथाईहून जास्त सिग्नल तिथंच जातो. तिथं २५० किंवा ४७० केच हवं. कपलिंग कपॅसिटरही (मागच्या स्टेजचा डीसी अडवून फक्त सिग्नल पुढं सोडणारा) त्या हिशोबाने: ४७० केला ०.०२२ मायक्रोफॅरड पुरतो, १०० केला ०.१ लागतो, नाहीतर बास ७२ हर्ट्झलाच पडतो. तो ४०० व्होल्टच्या खालचा घेऊ नका. व्हॉल्व्ह तापेपर्यंत एचटी, म्हणजे व्हॉल्व्हला लागणारं जास्त व्होल्टेज, भलतीच वर असते. आणि तो गळका निघाला तर पॉटवर डीसी येतो, फिरवलं की खरखर.

जुने मेकॅनिक एक मेगचं नाव घेतात ते उगाच नव्हे. क्रिस्टल पिकअपच्या रेकॉर्ड प्लेअरला तेवढं लागायचंच. पिकअप गेला, सवय राहिली.

(तापण्यावरून आठवलं: दोन ईएल८४ (स्पीकर चालवणारे व्हॉल्व्ह) आणि एक ईसीसी८३, नुसते हीटरच साडेअकरा वॅट खातात. अ‍ॅनोडची उष्णता वेगळी. परभणीच्या मे महिन्यात एवढं तापवून आवाज मिळतो सगळा मिळून दहा वॅट. त्या पंपाची खरी गरज कोणाला होती, हा प्रश्नच आहे.)

राहिलं ए आणि बी. छापलंय त्यावर जाऊ नका, जुन्या युरोपियन मालावर या अक्षरांचा अर्थ वेगळा असतो. मीटर लावा. नॉब बरोबर मध्यावर ठेवून मधला पाय आणि शून्याकडचा पाय मोजा. १०० केमध्ये १० ते १५ के आले तर लॉग, ५० आले तर लिनिअर. लिनिअरला नॉब जरा हलवला की घर दणाणतं, आणि पुढचा अर्धा फेरा वाया. स्टिरिओ पॉटचे डावा-उजवा दोन्ही भाग मोजा. स्वस्त मालात खालच्या आवाजाला डावा-उजवा जुळत नाही. मी दुकानात मीटर मागितलं. "विश्वास नाही का आमच्यावर?" मागं पाटी: विकलेला माल परत घेतला जाणार नाही. विश्वास ठेवायचा गिऱ्हाइकाने, पाटी लावायची दुकानदाराने.

लॉग मिळालंच नाही, तर १०० के लिनिअर घ्या आणि मधल्या पायापासून अर्थला १५ के जोडा. मध्यावर १९ टक्के सिग्नल जातो, कानाला बरं लागतं. फक्त पूर्ण उघडल्यावर मागच्याला १३ केच दिसतात. मोबाइल ते झेलतो, व्हॉल्व्ह नाही.

ग्रिडवरून अर्थला एक मेग लावाच, पॉटचा पाय घासून सुटला तर ग्रिड अधांतरी राहत नाही. सॉकेटच्या २ आणि ७ नंबरच्या पायांना (ईसीसी८३च्या दोन ग्रिड) चिकटून चार-पाच केचा स्टॉपर रेझिस्टर. पॉटची बॉडी अर्थला, नाहीतर नॉबला हात लावला की घूं.

आणि नॉब घेताना शाफ्ट सोबत न्या. गोल, दातेरी, एका बाजूने कापलेला, तिन्ही प्रकारचे नॉब त्या दुकानात एकाच डब्यात असतात, आणि डबा खाली काढायला पोऱ्या "आता जेवायला गेलाय."