पोलीस प्रमुख नेमणे आहे

आपल्याला कसा पोलीस प्रमुख हवा आहे, असा प्रश्न वयाच्या 52व्या वर्षापर्यंत मला कोणी विचारला नव्हता, आणि खरे सांगायचे तर तो कोणी विचारावा अशी माझी अपेक्षाही नव्हती. मी मूळचा चिंचवडचा. आमच्याकडे मोठे पोलीस अधिकारी पावसासारखे येत आणि जात. ते कधी येणार हे वरच्यांना ठाऊक असे आणि आपण आपली छत्री सांभाळायची. पिंपरी-चिंचवडची वस्ती वाढता वाढता अखेर 15 ऑगस्ट 2018 रोजी तिथे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले. स्वातंत्र्यदिनाच्या सुटीमुळे 16 तारखेला वर्तमानपत्र नसते, म्हणून माझ्या थोरल्या भावाला ते 17 तारखेला कळले, आणि या बाबतीत त्याचे मत घ्यायला कोणीच कसे आले नाही, असा विचार त्याच्या मनाला शिवलासुद्धा नाही.

मी मात्र गेली 17 वर्षे टेक्सासातल्या डॅलसच्या उत्तरेला राहतो. या पट्ट्यातली गावे दुधासारखी उतू जातात. फ्रिस्कोची लोकसंख्या 2000 साली 33,000 च्या आसपास होती, ती 2020 च्या जनगणनेत 2 लाखांवर गेली; तिच्याही उत्तरेची सलायना 2023 साली टक्केवारीने देशातले सर्वांत वेगाने वाढणारे शहर ठरली. आमचे गाव यांच्याच शेजारपाजारचे आहे. त्याचे नाव सांगत नाही, कारण मी गोपनीयतेच्या एका कागदावर सही करून बसलो आहे. आम्ही घर घेतले तेव्हा समोर मक्याचे शेत होते. आता त्या जागी तीन बँका, दोन दातांचे दवाखाने आणि एक इडली-डोशाचे दुकान आहे. मक्याच्या काळातले पोलीस प्रमुख निवृत्त व्हायला निघाले, आणि त्यांच्या जागी नवा माणूस शोधण्यासाठी नागरिकांची जी समिती नेमायची होती तिच्यात आपण बसाल का, अशी विचारणा करणारी ईमेल मला आली.

मलाच का, याचे उत्तर सोपे होते. दोन वर्षांपूर्वी सकाळी सव्वासहाला झाडांची पाने उडवणारे यंत्र सुरू करणाऱ्या एका ठेकेदाराविरुद्ध मी गावच्या कौन्सिलच्या सभेत बोललो होतो आणि नागरिकाला मिळणारी 3 मिनिटे शेवटच्या सेकंदापर्यंत वापरली होती. आपल्याकडे सोसायटीच्या वार्षिक सभेत जो पाण्याच्या टाकीबद्दल तक्रार करतो त्याच्याच गळ्यात सेक्रेटरीपद पडते. हा नियम साता समुद्रांपलीकडेही लागू आहे.

ही बातमी मी सर्वप्रथम समोरच्या घरातल्या काकांना सांगितली. काका सातारा जिल्ह्यातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालेले असून लेकीकडे सहा महिन्यांसाठी आले होते. आमची ओळख कशी झाली ते पुढे येईलच. तूर्त एवढेच म्हणतो की हा लेख त्यांच्या वाचनात न आलेला बरा.

“मुलाखत?” काकांनी चहाचा कप खाली ठेवला. “साहेबाची मुलाखत तुम्ही घेणार? अहो, साहेब येतो तो ऑर्डर खिशात घालून. आपण वहिनीसाहेबांना मंडई कुठे आहे ते दाखवायचे आणि गॅसचे कनेक्शन बघून द्यायचे, एवढीच आपली मुलाखत.”

मी त्यांना समजावून सांगितले की अमेरिकेत पोलीस ही प्रामुख्याने गावाची बाब असते. देशभर लहानमोठी अशी सुमारे 18,000 पोलीस दले आहेत, गावोगावच्या दलांपैकी निम्म्याच्या आसपास दलांत 10 पोलीसही नसतात, आणि तरीही प्रत्येकाचा प्रमुख वेगळा. आमच्यासारख्या गावात महापौर फिती कापतो आणि कारभार सिटी मॅनेजर नावाचा पगारी अधिकारी पाहतो. तो साधारण आपल्या नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यासारखाच, पण त्याला राज्य सरकार पाठवत नाही, गावचे कौन्सिल नेमते. व्हर्जिनियातल्या एका गावाने 1908 साली ही प्रथा पाडली असे मानतात. त्या गावाचे नाव लिहितात स्टॉन्टन आणि म्हणतात स्टँटन, यावरून तिथल्या कारभाराची कल्पना यावी. पोलीस प्रमुखाची निवड हा याच मॅनेजरचा अधिकार. काका म्हणाले, “म्हणजे पोलीस, कारकून आणि पाणीवाला, तिघांचा साहेब एकच.” इतकी नेमकी व्याख्या आमच्या सल्लागारालाही जमली नव्हती.

आपल्याकडेही सुधारणा होत आहेत हे दाखवण्यासाठी मी प्रकाश सिंह खटल्याचा दाखला दिला. सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली असे ठरवून दिले की राज्याचा पोलीस महासंचालक केंद्रीय लोकसेवा आयोगाने निवडलेल्या तीन ज्येष्ठ अधिकाऱ्यांतून नेमावा आणि त्याला किमान 2 वर्षे त्या जागी राहू द्यावे. काकांना त्यातले फक्त शेवटचे वाक्य आवडले. “दोन वर्षे एका जागी! म्हणजे माणसाने सगळी खोकी उघडायला हरकत नाही.”

सिटी मॅनेजरने निवडीच्या कामासाठी एक सल्लागार कंपनी नेमली होती. तिने प्रथम आमच्या गावाचे एक गुळगुळीत माहितीपत्रक काढले, ज्यात तळे, सूर्यास्त, शाळेचे फुटबॉल मैदान आणि पोलिसाचे बोट धरलेले एक लहान मूल होते. ते वाचून मलाच या गावात राहायला यावेसे वाटले. त्यानंतर गावकऱ्यांची मते मागवण्यात आली आणि त्यांचा जाडजूड गठ्ठा आम्हा सात सदस्यांना वाचायला दिला गेला. तो मी दोन रात्री जागून वाचला, आणि माझ्या मते आमच्या गावाचा खरा इतिहास तोच आहे. भरधाव गाड्यांवर कडक कारवाई व्हावी, असे जवळजवळ प्रत्येकाने लिहिले होते. मात्र शाळेची वेळ गाठणाऱ्या आईबापांना समजून घ्यावे, असे त्यातल्याच कित्येकांनी खाली जोडले होते. पोलिसांची गाडी आपल्या गल्लीत वरचेवर दिसावी, पण आपल्या घरासमोर उभी राहू नये, कारण लोक काय म्हणतील. एकाने गुन्हेगारी वाढल्याची तक्रार करून पुरावा म्हणून भोपळा चोरीला गेल्याचे लिहिले होते. “गल्लीतल्या वाहनांचा वेग आणि रात्रीची गस्त” हे वाक्य माझेच होते, आणि छापील गठ्ठ्यात ते फार भारदस्त दिसत होते.

मग आम्हाला प्रश्न कसे विचारायचे याचे शिक्षण देण्यात आले. प्रत्येक उमेदवाराला तेच प्रश्न, त्याच क्रमाने, त्याच शब्दांत विचारायचे. उपप्रश्न विचारायचा नाही, मान डोलवायची नाही, आणि उत्तर आवडले तरी तसे दाखवायचे नाही. धर्म आणि वंश यांना 1964 च्या नागरी हक्क कायद्याचे कुंपण, वयाला 1967 च्या कायद्याचे, आणि उरलेल्या घरगुती चौकशांना सल्लागाराच्या सावधगिरीचे. म्हणजे मराठी माणूस नव्या ओळखीच्या पहिल्या पाच मिनिटांत जे जे विचारतो (मूळ गाव कुठले, मुले किती, मोठा काय करतो, घर स्वतःचे की भाड्याचे) ते सगळे वर्ज्य. “मग कळणार काय डोंबल?” असे काका म्हणाले, आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते. याच वर्गात सल्लागाराने ऑगस्ट व्होल्मरची गोष्ट सांगितली. हा कॅलिफोर्नियातल्या बर्कलीचा पहिला पोलीस प्रमुख, पोलिसांना सायकलवर बसवणारा, कॉलेजचे शिक्षण घ्यायला लावणारा, अमेरिकेतल्या आधुनिक पोलीस खात्याचा जनक मानला जाणारा. आणि 1905 साली तिथला मार्शल म्हणून तो प्रथम निवडून आला त्याआधी पोस्टमन होता. आमच्या माहितीपत्रकातल्या अटी पाहता त्याचा अर्ज पहिल्याच चाळणीतून खाली पडला असता.

मुलाखतींचा दिवस जुलैतला. खोलीत इतके थंड करून ठेवले होते की समितीतले चर्चचे पाद्री अंगरख्याच्या बाह्या ओढून बसले होते. माझ्या नावाच्या पाटीत दोन अक्षरे जास्त होती आणि माझ्या शाकाहारी सँडविचमध्ये टर्कीचे तीन काप होते. ते काढून मी कागदी रुमालाखाली दडवले, आणि दिवसभर मला वाटत राहिले की पोलीस प्रमुख व्हायला आलेल्या माणसाच्या नजरेतून हा पुरावा सुटणार नाही. माझ्या वाट्याला सहावा प्रश्न आला होता, वाढत्या गावातल्या विविध समाजांशी तुम्ही विश्वासाचे नाते कसे जोडाल, हा. घरी आरशासमोर तो मी इतक्यांदा म्हटला की बायकोला त्याची उत्तरे पाठ झाली.

पहिल्या उमेदवाराने “पारदर्शकता” हा शब्द 19 वेळा वापरला. उपप्रश्न विचारायचा नसल्यामुळे मोजणे एवढेच हाती होते. दुसरा एका मोठ्या शहरातला उपप्रमुख होता आणि त्याने 1829 साली लंडनचे पोलीस दल उभारणाऱ्या रॉबर्ट पीलपासून सुरुवात केली. आपण क्वांटिको येथे एफबीआयच्या राष्ट्रीय अकादमीत दहा आठवड्यांचा अभ्यासक्रम केला असून तिथली सुमारे सहा मैलांची खडतर दौड पुरी करून पिवळी वीट मिळवली आहे, हे त्याने तीन वेगवेगळ्या उत्तरांत सांगितले. ती वीट त्याच्या टेबलावर असते म्हणे. वीट म्हटली की मला पंढरपूरच आठवते, त्यामुळे दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा असलेला तो गृहस्थ माझ्या डोळ्यांपुढून दिवसभर हलेना. तिसरा आमचाच हंगामी प्रमुख, सगळ्यांच्या ओळखीचा, आणि म्हणूनच सर्वांत जास्त घामाघूम झालेला. समितीतल्या रहिवासी संघाच्या बाई त्याच्याकडे अशा पाहत होत्या की त्यांची मोडलेली टपालपेटी अजून त्याच्याच खात्यावर जमा असावी.

चौथ्या उमेदवार ओक्लाहोमातल्या एका छोट्या गावाच्या प्रमुख होत्या. चष्मा नाकावर उतरलेला, हातात आमच्यासारखीच स्वस्त बॉलपेन. त्यांनी उत्तरे थोडक्यात दिली, माझ्या सहाव्या प्रश्नाला तर “आधी त्यांच्याकडे जेवायला जाईन” असे म्हणून त्या थांबल्या. शेवटी रिवाजाप्रमाणे आम्ही विचारले, तुम्हाला आम्हाला काही विचारायचे आहे का. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि म्हणाल्या, “तुमच्यापैकी प्रत्येकाने शेवटचा फोन पोलिसांना केव्हा केला आणि कशासाठी?”

याचे शिक्षण आम्हाला कोणी दिले नव्हते. सल्लागाराने घड्याळाकडे पाहिले, पण पाद्री स्वभावाने सरळ असल्यामुळे त्यांनी कबुलीजबाब सुरू केला. चर्चच्या आवारात रात्री पोरे गाडीत बसून आइस्क्रीम खात होती. निवृत्त अग्निशामकाने शेजाऱ्याचा ट्रक आपल्या हद्दीत चार इंच आल्याबद्दल फोन केला होता. रहिवासी संघाच्या बाईंनी नाताळची रोषणाई फेब्रुवारीत चालू असल्याबद्दल. शाळेच्या मुख्याध्यापकांनी तर शाळेसमोर उभ्या असलेल्या, पुढे आपल्याच शिपायाच्या निघालेल्या गाडीबद्दल. टाको विकणाऱ्या दुकानदाराने एकदाच फोन केला होता आणि तेव्हा खरोखर चोर निघाला होता. आम्ही सर्वांनी त्याच्याकडे असूयेने पाहिले. बारावीतली मुलगी म्हणाली, मी कधी केला नाही, पण स्वतःच्या घरासमोर गाडीत बसून भाषण पाठ करत होते तेव्हा कोणी तरी माझ्याबद्दल केला होता.

मग माझी पाळी आली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रात्री साडेनऊला माझ्या दारावरच्या कॅमेऱ्याने एक माणूस दाखवला. पांढरा लेंगा, वर गडद हुडी, तोंड झाकणारी माकडटोपी, हातात विजेरी, आणि दोन्ही हात पाठीमागे बांधून तो प्रत्येक घरासमोर थांबत, दरवाजावरचे आकडे वाचत, काही तरी पुटपुटत पुढे जात होता. मी पोलिसांच्या साध्या नंबरवर फोन केला आणि वर्णन दिले. चार मिनिटांत गाडी आली. आणखी पाच मिनिटांनी एक तरुण पोलीस माझ्याच दारात उभा राहून विचारू लागला, की त्या गृहस्थांना इंग्रजी फारसे येत नाही, तुम्ही जरा दुभाषाचे काम कराल का. मी बाहेर गेलो. तो माणूस मोजत होता मराठीत, ब्याऐंशी, त्र्याऐंशी, आणि जेवणानंतरची शतपावली पुरी होईपर्यंत थांबायला तो तयार नव्हता. उरलेली सतरा पावले पोलिसासह आम्ही तिघांनी मिळून टाकली. शंभरावर आल्यावर काकांनी पोलिसाला कडक सॅल्यूट ठोकला आणि मला चहाला बोलावले.

फोन कोणी केला ते पोलीस बोलला नाही. काकांनीही मला कधी विचारले नाही. चहा पिताना फक्त म्हणाले होते, “34 वर्षांचा अनुभव सांगतो. फोन करणारा नेहमी समोरच्याच घरातला असतो.”

समितीने हसायचे नसते, तरी सगळे हसले. मग प्रत्येकाला एक अर्ज दिला गेला, ज्यात “बलस्थाने” आणि “चिंतेच्या बाबी” असे दोनच रकाने होते; क्रमांक लावायचा अधिकार आम्हाला नाही, हे तेव्हा कळले. चौथ्या उमेदवाराच्या चिंतेच्या रकान्यात “वेळापत्रक पाळत नाहीत, वैयक्तिक प्रश्न विचारतात” असे मी लिहिले. बाजूच्या दोघांनीही तेच लिहिलेले मला तिरप्या नजरेने दिसले. ऑगस्टमध्ये सिटी मॅनेजरने त्यांनाच नेमल्याचे जाहीर केले.

शपथविधीला मी काकांना घेऊन गेलो. लेकीने शिवून आणलेला ब्लेझर त्यांनी चढवला होता. नव्या प्रमुखांच्या मुलाने आईच्या छातीवर बिल्ला टोचला, फोटो झाले, आणि भाषणात त्यांनी सांगितले की शेजारच्या राज्यातून आल्यामुळे टेक्सासचा परवाना मिळवून नव्या प्रमुखांच्या अभ्यासक्रमालाही जायचे आहे. “साहेब झाल्यावर परीक्षा!” काका पुटपुटले. हस्तांदोलनाच्या रांगेत आमचा नंबर आला. बाईंनी माझी पाटी नसतानाही मला ओळखले, नजर काकांकडे वळवली आणि इंग्रजीत विचारले, “तेच का हे?”

“त्या विचारताहेत,” मी घाईघाईने भाषांतर केले, “की तुम्ही पोलिसात होता का.”

काकांनी टाचा जुळवल्या आणि सॅल्यूट केला. बाईंनी तो परत केला. बाहेर पार्किंगपर्यंत काका हात पाठीमागे बांधून, काही न बोलता चालले. गाडीत पट्टा लावताना त्यांनी एवढेच विचारले, “बाई चांगल्या वाटल्या. आता यांची बदली कधी?”