डर्बीफील्डला हसण्याआधी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. थॉमस हार्डीच्या 'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स' या इंग्रजी कादंबरीच्या पहिल्या प्रकरणावरच्या माझ्या लेखाला तुम्ही एवढी सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचा आक्षेप असा की, हार्डीनं सुरुवातीलाच एका दारुड्या खेडुताची टर उडवली आहे, तीही शहरी वाचकाला हसवण्यासाठी, आणि त्यात वर्गाचं चित्रण शोधणं ही ओढाताण आहे.

मला हे अजिबात पटत नाही. तो प्रसंग सावकाश वाचून बघा. मे महिन्याच्या अखेरची संध्याकाळ. जॉन डर्बीफील्ड अंड्यांची रिकामी टोपली घेऊन पायी घरी चाललाय. समोरून घोडीवर बसून आलेला पाद्री ट्रिंगहॅम त्याला 'सर जॉन' म्हणतो. का म्हणून विचारल्यावर सांगतो, की तू डर्बरव्हिल या जुन्या सरदार घराण्याचा वंशज आहेस. यावर जॉन काय विचारतो? आमचे वाडे कुठे आहेत, आणि जमीन? काहीच नाही, असं उत्तर येतं. मग मी आता काय करू, असं तो विचारतो, तेव्हा पाद्री म्हणतो, काही नाही. स्थानिक इतिहासकाराला रस वाटावा एवढंच त्याचं महत्त्व. आणि निघून जातो. ज्याचं त्या माहितीनं काहीच बिघडणार नाही, अशा माणसानं ती दुसऱ्याच्या पदरात सहज टाकली. माझ्या मते प्रकरणातला खरा बेजबाबदार माणूस तो आहे.

पुढे रस्त्याकडेच्या गवतात आडवा झालेला जॉन, फ्रेड नावाच्या पोराला गाडी आणायला फर्मावतो. पोरगं आधी उलट बोलतं. जॉन एक शिलिंग काढून देतो, तसा त्याचा सूर बदलतो. वंशावळीनं जे झालं नाही ते एका नाण्यानं झालं. आणि जॉनकडे शिलिंगांची कायमच चणचण असते, हे हार्डी तिथेच सांगून टाकतो. याला निव्वळ टिंगल कसं म्हणायचं?

तुम्ही जॉनला 'शेतमजूर' म्हटलंय. तो शेतमजूर नाही, आणि सगळी कादंबरी या फरकावर उभी आहे. तो गावोगाव फिरून किरकोळ खरेदी-विक्री करतो. ५१व्या प्रकरणात हार्डी या थराबद्दल स्पष्ट लिहितो: सुतार, लोहार, चांभार, फेरीवाले. मजुरांपेक्षा वरचे, जरा जाणते लोक. त्यांना स्थैर्य होतं ते घरामुळे. काहींचं घर स्वतःच्या मालकीचं असे, पण डर्बीफील्डसारख्यांचं हयातीच्या पट्ट्याचं: पट्ट्यात नावं घातलेल्या तीन माणसांपैकी शेवटचा जिवंत असेपर्यंतच घर आपलं. जॉन हा त्यातला शेवटचा. तो गेला की बायकापोरं रस्त्यावर, कारण ते घर आता शेतकऱ्याला आपल्या मजुरांसाठी हवं असतं. तसंच होतं. लेडी डेच्या, म्हणजे वसंतात जुने करार संपून घरं बदलण्याच्या दिवसाच्या, सुमारास सामान गाडीवर लादून ते कुटुंब गाव सोडतं. पहिल्या प्रकरणात जमिनीची चौकशी करणारा माणूस इतक्या कच्च्या आधारावर उभा आहे, हे कळल्यावर मला त्या प्रश्नाला हसवत नाही.

हार्डी बाहेरून बघत होता, हेही मान्य नाही. १८४० साली इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातल्या हायर बॉकहॅम्प्टन गावी तो जन्मला. वडील गवंडीकाम करायचे आणि ते राहतं घर हयातीच्या पट्ट्याचंच होतं. डॉर्सेटच्या मजुरांवर त्यानं १८८३ मध्ये स्वतंत्र लेखही लिहिला, 'टेस'च्या आठ वर्षं आधी.

एक मात्र मान्य करतो: विनोद आहे, आणि भरपूर आहे. बायकोला धुणं अर्धवट ठेवायला सांग, असा निरोप जॉन धाडतो तेव्हा मीही हसतो. पण त्या धुण्यापाशी ती बायको, म्हणजे कादंबरीची नायिका टेस हिची आई, खरंच उभी आहे, हे हार्डी तिसऱ्या प्रकरणात दाखवतो: एक पाय पाळण्यावर, हात टबात. जॉनच्या सरदारकीचा भार कुणावर पडणार, ते तिथे दिसतं. तुमच्या प्रतिक्रियेत या प्रकरणाचा उल्लेखच नाही. ते वाचून तुमचं मत काय होतं, ते जरूर लिहा.