‘अनप्लग्ड’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

गायक-गिटारवादक कर्ट कोबेनच्या ‘निर्वाणा’ या अमेरिकन रॉक बँडची ‘एमटीव्ही अनप्लग्ड’ ही मैफल, म्हणजे विजेच्या वाद्यांशिवाय वाजवायचा टीव्ही कार्यक्रम. तिच्यावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत: "ज्याला गिटारमधलं ओ की ठो कळत नाही त्याने असल्या विषयात पडू नये. कर्ट कोबेनच्या गिटारमागे चक्क ॲम्प होता. चौदापैकी सहा गाणी उसनी. तो मेला नसता तर ही मैफल आज कुणाला आठवली असती?"

ॲम्पचं, म्हणजे गिटारचा आवाज विजेवर वाढवणाऱ्या यंत्राचं, म्हणणं बरोबर आहे, मान्य. 18 नोव्हेंबर 1993 ला न्यू यॉर्कमधल्या सोनीच्या स्टुडिओत तो ॲम्प खोक्याआड, वादकांसमोर ठेवतात त्या मॉनिटर स्पीकरसारखा दिसेल असा दडवला होता. डेव्हिड बोवीच्या गाण्यात गिटारला जी घोगरी, खरबरीत धार आहे, ती त्यातूनच आली. मला ती आवडते.

पण हे आपल्याला साध्या शब्दांत सांगता आलं असतं. आधी माझी लायकी काढायची, मग मुद्दा मांडायचा, ही कुठली पद्धत? मी कोण, काय ऐकलंय, हातात कधी काय धरलंय, यातलं काहीही आपल्याला ठाऊक नाही. तरी ‘ओ की ठो’!

तर ऐका. मी कॉलेजात असल्यापासून गिटार वाजवतोय. पहिली जुनीच घेतली होती. तिची ॲक्शन, म्हणजे तारांची फळीपासूनची उंची, इतकी जास्त, की एका बोटाने सगळ्या तारा दाबायची बार कॉर्ड धरली की बोटांच्या पेरांवर तारांचे वळ उठायचे. हॉस्टेलच्या खोलीत या मैफलीची कॅसेट पुढेमागे करत मी एकेक कॉर्ड शोधली. सूर काही केल्या जुळेना, तेव्हा सगळ्या तारा अर्ध्या सुराने उतरवून पाहिल्या आणि जुळला. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, कानानेच सापडलं. ज्याला गिटार कळत नाही त्याच्या हातून हे होतं का, तुम्हीच सांगा. नाहीतर तुम्ही काय वाजवता ते तरी सांगा. ते तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही.

आणि गिटार न वाजवणाऱ्यानेही या मैफलीवर जरूर लिहावं. डेव्ह ग्रोलसारखा दणदणीत ड्रमर इथे हात आवरून, ब्रश घेऊन वाजवतो. लॉरी गोल्डस्टनचा चेलो गाण्याखालून सरकत राहतो. शेवटच्या गाण्यात कोबेनचा आवाज वर जाऊन फाटतो, अखेरच्या ओळीत तो क्षणभर थांबतो, डोळे उघडतो, श्वास घेतो आणि मग ओळ पुरी करतो. हे ऐकायला कॉर्ड माहीत असाव्या लागत नाहीत. नीट कान देऊन बसावं लागतं, आणि तुम्ही तेवढंही केलेलं दिसत नाही.

‘उसन्या’ गाण्यांचं म्हणाल, तर मीट पपेट्स या बँडच्या कर्कवुड बंधूंना शेजारी बसवून कोबेनने त्यांचीच तीन गाणी गायली. त्याला उसनं म्हणायचं तर खुशाल म्हणा. शेवटच्या वाक्याला मी उत्तर देणार नाही. डिसेंबर 1993 मध्ये कार्यक्रम दाखवला गेला तेव्हा तो जिवंत होता, एवढं पुरे.

पुढचा लेख ॲलिस इन चेन्स या बँडच्या 1996 च्या अनप्लग्डवर आहे. त्यावर कडक लिहा, माझी हरकत नाही. पण ऐकून लिहा, आणि माझी अक्कल काढायची असेल तर स्वतःच्या नावाने काढा.