झोपेत मिळालेले २०६ गुण

१ मार्च २०२४ ला उठलो तर माझं बुद्धिबळाचं रेटिंग १४८६ चं १६९२ झालेलं. एक प्यादंही न हलवता! २००० च्या खाली असलेल्या सगळ्यांना, २००० ला जेवढे गुण कमी पडतात त्याचे चाळीस टक्के फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघानं, बहाल केले होते. मित्राचा लगेच मेसेज, "वाटली का खिरापत?"

खिरापत नव्हे, भरपाई होती ती. त्याआधीच्या एका स्पर्धेत माझ्यासमोर ११०० चा पोरगा बसला होता. पाय जमिनीला टेकत नव्हते. पहिल्या बारा चाली त्यानं विचार न करता मारल्या, संगणकाच्या इंजिनवर घोटलेल्या असणार, आणि पुढे हत्तीच्या एंडगेममध्ये (डावाच्या शेवटच्या टप्प्यात) मला सावकाश पिळून काढलं. जिंकलो असतो तर १.८ मिळाले असते. हरलो, १८.२ गेले. के-फॅक्टर, म्हणजे एका डावात रेटिंग किती हलू शकतं तो आकडा, त्याचा ४०, माझा २०, म्हणून त्याला ३६.४. तरीही आकडा त्याच्या खऱ्या ताकदीच्या कितीतरी मागेच. म्हणजे पुढच्या फेरीत आणखी कुणी काका कापला जाणार. अशी पोरं सगळीकडे आहेत. 'रेटिंग हल्ली स्वस्त झालंय' म्हणणाऱ्यांनी त्यांच्यासमोर एकदा बसावंच.

टायटलचं, म्हणजे ग्रँडमास्टर या सर्वोच्च किताबाचं, जरा वेगळं आहे. १९५० साली पहिले ग्रँडमास्टर जाहीर झाले तेव्हा २७ होते, आज दीड हजाराच्या वर. पण खेळणारेही किती वाढले! फिशर पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला, गुकेश बाराव्या. ज्ञान स्वस्त झालंय, पण ते समोरच्यालाही त्याच भावात मिळतं.

मला खुपतात त्या नॉर्मसाठीच भरवलेल्या दहा जणांच्या बंद स्पर्धा. नॉर्म म्हणजे एका स्पर्धेत ग्रँडमास्टरच्या दर्जाची कामगिरी; टायटलला असे तीन लागतात. ग्रँडमास्टर मानधन देऊन आणायचे, नॉर्मवाल्यांनी फी भरायची, आणि शेवटच्या फेरीत पंधरा चालींत बरोबरी. मग रेटिंगनं २५०० ला एकदा शिवलं की झालं, मग २३०० ला घसरलात तरी टायटल जन्मभर तुमचंच. इथे 'सोपं झालंय' म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

पण दिव्या देशमुखचं उदाहरण त्यात ओढू नका. २०२५ चा महिला विश्वचषक जिंकून ती एकही नॉर्म नसताना थेट ग्रँडमास्टर झाली, हे खरंय. वाटेत तिनं हरवलं झू जिनर, हरिका, तान झोंगयी आणि अंतिम फेरीत हंपी या ग्रँडमास्टरांना. यापेक्षा तीन नॉर्म परवडले.

माझे १६९२ आता १६४१ वर आलेत. समोर कोण होतं, ते विचारू नका.